जबाबदारी कोणाकडे राहिली?

ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी टेनिस आणि स्कीइंगचे वर्ग चालवत असत. एकदा टेनिसच्या वर्गाला कोच कमी पडले. हाताशी होते ते स्कीइंगचे दोन कोच. मग त्यांनाच टेनिस कोचचा पोशाख चढवला, काखेत रॅकेट दिली आणि मैदानावर पाठवले. अट एकच : रॅकेट चालवून दाखवायची नाही. त्यांच्या शिकवण्यात आणि नेहमीच्या कोचच्या शिकवण्यात फारसा फरक जाणवला नाही. एक-दोन ठिकाणी तर पाहुण्यांचेच काम सरस ठरले, असे व्हिटमोर यांनी लिहिले आहे. टेनिसच्या कोचला खेळाडूच्या तांत्रिक चुका दिसत आणि चूक दिसली की तो ती सुधारायला धावे. स्कीइंगवाल्यांना त्या चुका ओळखताच येत नव्हत्या. त्यांच्याकडे निरखून पाहणे आणि विचारणे, एवढेच उरले होते.

कोचिंगच्या कार्यशाळांत ही गोष्ट हमखास सांगितली जाते आणि तिच्यावरून ‘कोचला विषय कळायची गरज नाही’ असा निष्कर्षही हमखास काढला जातो. तो मला मान्य नाही. विषयाचा गंध नसलेल्या माणसाला उत्तरातली पळवाट ओळखता येत नाही, हा रोजचा अनुभव आहे. या गोष्टीचे मर्म मला वेगळे वाटते. त्या दोघांना खेळाडूचे काम स्वतःच्या हातात घेताच आले नाही. चेंडू कुठे पडला, रॅकेट केव्हा लागली, पुढच्या वेळी काय बदलायचे, हे सारे ज्याचे त्याच्याकडेच राहिले. प्रस्तुत पुस्तकात प्रश्नावल्या, आराखडे, तक्ते, बैठकीच्या पद्धती अशी बरीच साधने वाचकाला भेटतील. त्यांतले कोणतेही साधन वापरून झाले की एक गोष्ट तपासून पाहावी, एवढेच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे : आता जबाबदारी कोणाकडे राहिली?

व्हिटमोर मुळात मोटारशर्यतींतले. १९६५ साली त्यांनी युरोपियन टूरिंग कार स्पर्धेचे विजेतेपद मिळवले होते. कोचिंगचा धागा त्यांना सापडला तो टिमथी गॅल्वे या अमेरिकी टेनिस शिक्षकाकडे. गॅल्वे यांचे ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळाडूच्या डोक्यात एक सतत बजावणारा, रागावणारा आवाज असतो आणि खेळणारे शरीर त्या आवाजाखाली आखडते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून ‘मनगट ताठ ठेव, गुडघा वाकव’ अशा सूचना त्यांनी कमी केल्या. चेंडू जमिनीवर आपटला की ‘टप्पा’ म्हणायचे आणि रॅकेटला लागला की ‘फटका’, असा साधा खेळ ते द्यायचे. लक्ष चेंडूवर स्थिरावले की बजावणारा आवाज आपोआप गप्प होई. माणसाची कामगिरी म्हणजे त्याची क्षमता वजा आतला अडथळा, हे त्यांचे सूत्र. बाहेरून सूचना ओतण्याऐवजी आतला अडथळा दूर करायचा, ही दिशा कोचिंगला तिथून मिळाली.

व्हिटमोर यांनी ती कचेऱ्यांत आणि कारखान्यांत आणली. १९९२ मध्ये आलेल्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ या त्यांच्या पुस्तकाने ‘ग्रो’ हा चार पायऱ्यांचा आराखडा जगभर पोचवला. त्याच्या जडणघडणीत ग्रॅहम अलेक्झांडर आणि अ‍ॅलन फाइन यांचाही वाटा होता. आधी ध्येय, मग वास्तव, मग पर्याय आणि शेवटी निर्धार. आज कोचिंगची बहुतेक प्रशिक्षणे याच आराखड्यापासून सुरू होतात. पाठ करायला पाच मिनिटे पुरतात, त्यामुळे तो आपल्याला जमतो असे सगळ्यांनाच वाटते.

प्रत्यक्षात काय होते ते पाहू. चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातला प्रॉडक्शन मॅनेजर सुपरवायझरला विचारतो, “या महिन्यात तीनदा लाइन थांबली. काय करावं असं वाटतं तुला?” उत्तर येते, “साहेब, तुम्ही सांगाल तसं.” आपल्याकडचे निम्मे कोचिंग इथेच संपते. मॅनेजर मनातून सुखावतो, उपाय सांगून टाकतो, सुपरवायझर मान डोलावतो. पुढच्या महिन्यात लाइन पुन्हा थांबली तर “तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं, साहेब” हे वाक्य तयार असते. जबाबदारी साहेबांच्या टेबलावर जाऊन बसलेली असते आणि ती स्वतः साहेबांनीच उचलून नेलेली असते.

अशा वेळी आराखडा खरा कामाला येतो तो दुसऱ्या पायरीवर. “मेंटेनन्सवाले वेळेवर येत नाहीत” हे वास्तव नव्हे, मत आहे. “मंगळवारी सव्वादोनला फोन केला, पावणेचारला माणूस आला, तोवर आम्ही मशीनला हात लावला नाही” हे वास्तव. पहिल्या वाक्यावर फक्त कुरकुर करता येते; दुसऱ्यावर काम करता येते, कारण ‘तोवर आम्ही हात लावला नाही’ हे सुपरवायझरच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडलेले असते. घाईतला मॅनेजर नेमकी हीच पायरी गाळतो आणि थेट पर्यायांवर उडी मारतो. चौथ्या पायरीलाही अशीच कात्री लागते. ‘बघतो’, ‘करून टाकू’ म्हणजे निर्धार नव्हे. काय करणार, केव्हापर्यंत, कोणाला सांगणार आणि मध्ये काय आडवे येईल, एवढे बोलून झाल्याशिवाय संभाषण पूर्ण झाले असे धरू नये.

प्रश्न विचारण्याची कला या पुस्तकात विस्ताराने आली आहे. इथे एकाच खोडीकडे लक्ष वेधतो. “मेंटेनन्सशी तू आधीच बोलून ठेवलंस तर बरं होणार नाही का?” या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असले तरी तो हुकूमच आहे, आणि ऐकणाऱ्याला ते तत्काळ कळते. व्हिटमोर यांचे उदाहरण इथे उपयोगी आहे. “चेंडूकडे पाहतोयस ना?” असे विचारले तर खेळाडू बचावात ‘हो’ म्हणतो. “चेंडू कोणत्या बाजूला फिरत येतोय?” असे विचारले तर उत्तर देण्यासाठी त्याला चेंडूकडे पाहावेच लागते. चांगल्या प्रश्नाचे उत्तर कोचच्या खिशात आधीपासून नसते. ते शोधायला समोरच्याला पुन्हा कामाकडे पाहावे लागते.

‘आधी कामाकडे, मग स्वतःकडे’ हा क्रम फीडबॅकच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो. अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या जुन्या प्रयोगांचा एकत्रित हिशोब मांडला. सहाशेहून अधिक निष्कर्ष त्यांनी तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर कामगिरी खालावली होती. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण गॅल्वे यांच्या निरीक्षणाशी जुळते : लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळले की फीडबॅकची धार बोथट होते. “तुझा अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही” या वाक्याने कोणाचा अ‍ॅटिट्यूड सुधारल्याचे ऐकिवात नाही. “काल ग्राहकासमोर तू माझं बोलणं दोनदा तोडलंस, त्यानंतर त्याने किमतीवर घासाघीस सुरू केली” हे ऐकायला बरे वाटत नाही, पण त्यावर काही करता येते. प्रसंग, वागणूक आणि परिणाम या तीन खांबांवर उभे असलेले फीडबॅकचे तंत्र म्हणूनच टिकून आहे.

मार्शल गोल्डस्मिथ यांनी रूढ केलेली फीडफॉरवर्ड ही पद्धत याहून सोपी आहे आणि वरिष्ठांच्या बाबतीत विशेष उपयोगी पडते. झाल्या-गेल्याचा उल्लेख न करता ‘मी पुढे काय करून पाहू?’ असे सहकाऱ्यांना विचारायचे, आलेल्या सूचना ऐकायच्या आणि फक्त आभार मानायचे. समर्थन नाही, खुलासा नाही. वीस वर्षे हुकूम देण्यात गेलेल्या अधिकाऱ्याला या फक्त आभार मानण्याच्या अटीचाच सर्वांत जास्त त्रास होतो.

चहूबाजूंनी मते गोळा करण्याची ‘३६० अंश’ पद्धत, १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी मांडलेली ‘जोहारी खिडकी’, व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या ही साधनेही पुस्तकात आहेत. जोहारी खिडकी दाखवते की आपल्याबद्दलचे काही फक्त आपल्यालाच ठाऊक असते, काही फक्त इतरांना. हा दुसरा भाग उजेडात आणायला ३६० अंश पद्धत उत्तम. पण तिचा अहवाल पगारवाढीला जोडला की माणसे एकमेकांना सांभाळून घेतात किंवा जुने हिशोब चुकते करतात, आणि खरे कोणीच लिहीत नाही. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांबद्दल तर अधिक जपून राहावे. चार अक्षरांचा प्रकार हाती आला की ‘मी असाच आहे’ म्हणायला अधिकृत कागद मिळतो. जे साधन स्वतःकडे पाहायला लावण्यासाठी होते तेच न बदलण्याचे कारण बनते.

विकासाचे बोलणे आणि पगारवाढीचे बोलणे यांची गल्लत होऊ नये, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने आपली मूल्यमापन पद्धत तपासण्याचे काम अहमदाबादच्या आयआयएममधील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांकडे दिले. मूल्यमापन, भावी क्षमतेचा अंदाज, फीडबॅक आणि समुपदेशन, करिअरची आखणी, प्रशिक्षण या अंगांचा त्यांनी वेगवेगळा आणि एकत्रितही विचार केला. त्यातून १९७५ मध्ये कंपनीत स्वतंत्र मनुष्यबळ विकास विभाग उभा राहिला. भारतातला तो पहिला मानला जातो. वरिष्ठाने कनिष्ठाजवळ बसून त्याच्या कामाबद्दल शांतपणे बोलावे, हा त्या रचनेचा भाग होता. कोचिंग परदेशातून हल्लीच आयात झाले असे समजणाऱ्यांनी हा मुंबईचा अध्याय जरूर वाचावा.

इथवर एका माणसाचे एका माणसाशी बोलणे झाले. पण नेता घडवण्याचा मोठा भाग बोलण्यात नसतोच. तो परिस्थिती रचण्यात असतो. शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर याचे आपल्याला जवळचे उदाहरण. अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर त्यांच्यासमोर पहिल्यांदा खेळायला उभा राहिला तेव्हा दडपणाखाली त्याला काही सुचेना. मोठ्या भावाने, अजितने, सरांना विनंती केली : निघून गेल्यासारखे करा आणि दुरून पाहा. सर झाडामागे उभे राहिले आणि मुलगा मोकळेपणाने खेळला. बघणारा हाच कधी कधी अडथळा असतो, हे अजितने ओळखले आणि आचरेकरांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय मानले. पुढे सरावाच्या शेवटी ते स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवत. बाद करील त्या गोलंदाजाला नाणे, नाबाद राहिला तर ते सचिनचे. यात सूचना एकही नाही, पण दमलेल्या फलंदाजाला एकाग्र राहण्याचे कारण आणि थकलेल्या गोलंदाजांना जीव तोडण्याचे कारण एकाच नाण्याने मिळते. आचरेकर प्रश्न विचारून शिकवणारे गुरू होते असा दावा कोणी करणार नाही. ते कडक होते, आणि ‘छान खेळलास’ असे सरांनी कधी म्हटले नाही, हे २०१३ च्या निरोपाच्या भाषणात सचिननेच सांगितले. तरीही प्रसंगच असा रचायचा की शिकणाऱ्याला आपली जबाबदारी टाळता येऊ नये, या कौशल्यात ते अनेक प्रमाणपत्रधारकांच्या पुढे होते.

टीमच्या बाबतीत हे रचणेच निर्णायक ठरते. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हॅकमन यांनी विमानातल्या चालकांपासून वाद्यवृंदांपर्यंत अनेक प्रकारच्या टीम अभ्यासल्या. त्यांचा ढोबळ हिशोब कोचिंगवाल्यांना नम्र करणारा आहे. टीमच्या कामगिरीतला साठ टक्के फरक तिच्या आधीच्या रचनेमुळे पडतो : कोण कोण टीममध्ये आहे, काम नेमके काय, साधने पुरेशी आहेत का. तीस टक्के फरक सुरुवात कशी झाली यामुळे. काम चालू असताना केलेल्या कोचिंगच्या वाट्याला उरतात दहा टक्के. वाईट रचलेल्या टीमला कितीही प्रश्न विचारले तरी ती सुधारत नाही. तिघांचे काम एकावर टाकून त्याला वेळेच्या नियोजनाचे कोचिंग देणे हा तर सरळ अन्याय आहे. व्यवस्थेची जबाबदारी अशा वेळी माणसाच्या माथी मारली जाते आणि कोच त्याला हातभार लावतो. टीम कोचिंगच्या प्रकरणांआधी रचनेचे प्रकरण घातले आहे, त्यामागे हे कारण आहे.

टीमविषयीचा दुसरा मोठा धडा इस्पितळातून आला. एमी एडमंडसन औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या टीम चुका लपवत नव्हत्या. बाकीच्या ठिकाणी परिचारिका बोलायला घाबरत होत्या. यातून पुढे आलेली, १९९९ च्या शोधनिबंधात मांडलेली ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना आता सर्वतोमुखी झाली आहे. तिचा अर्थ गोडगोड बोलणे असा नाही. “सर, हे चुकतंय” असे सर्वांत कनिष्ठ माणसाला म्हणता येणे आणि म्हटल्यावर त्याचे नुकसान न होणे, एवढाच तिचा अर्थ. आपल्या कचेऱ्यांत ‘मोठ्यांसमोर बोलू नये’ हा संस्कार घरूनच आलेला असतो, त्यामुळे इथे नेत्याचे काम दुप्पट अवघड. मीटिंगमध्ये आपले मत सर्वांत शेवटी सांगायचे, एवढा एक नियम साहेबांनी पाळला तरी बराच फरक पडतो.

अमेरिकी सैन्याने रुजवलेली मोहिमेनंतरच्या आढाव्याची पद्धत याच पायावर उभी आहे. काय होणे अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले, तसे का झाले, पुढच्या वेळी काय करायचे. चार प्रश्न, आणि चर्चेपुरता हुद्दा बाजूला. तिच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये, रेग रेव्हन्स यांनी कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना लहान गटांत एकत्र बसवले. बाहेरचा तज्ज्ञ नाही, व्याख्यान नाही. एकाने आपली खरी अडचण मांडायची आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. निव्वळ पाठ्यज्ञान पुरत नाही, त्याला प्रश्नांची जोड हवी, हे त्यांचे म्हणणे ‘कृतीतून शिक्षण’ या नावाने पुढे जगभर गेले.

याच जातीचे काम महाराष्ट्राच्या खेड्यांत चालू आहे. ‘उमेद’ अभियानातल्या वर्धिनी म्हणजे स्वतःचा बचत गट चालवून तयार झालेल्या बायका. त्या दुसऱ्या गावी जाऊन नवे गट उभे करतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाच्या वह्या ही पंचसूत्री म्हणजे हॅकमन यांच्या भाषेतली रचना. वर्धिनी आठवडाभर गावात राहिली आणि वही स्वतःच लिहीत बसली, तर ती गेल्यावर वही बंद पडते. गावातल्याच एखादीच्या हातात पेन दिले तर अक्षर वेडेवाकडे येते, बेरीज दोनदा चुकते, पण वही चालू राहते. या पुस्तकातल्या महागड्या साधनांची परीक्षाही याहून वेगळी नाही.

आता काही मर्यादा. आग लागली असताना ‘तुला काय वाटतं?’ विचारत बसू नये, हुकूम द्यावा. नवशिक्याला आधी शिकवावे लागते. माहितीच नाही तिथे प्रश्नांनी फक्त गोंधळ वाढतो. नैराश्य, व्यसन, घरातली हिंसा असे काही समोर आले तर कोचने थांबून योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे. पैसे कंपनी देते आणि मन मोकळे करतो कर्मचारी, अशा तिहेरी नात्यात कोणती गोष्ट कोणापर्यंत जाणार हे पहिल्याच बैठकीत, तिघांच्या समक्ष ठरले पाहिजे. आणि कोच निवडताना पारखून घ्यावे. ही पाटी कोणीही लावू शकतो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रे अनुभवाच्या तासांवर, अनुक्रमे १००, ५०० आणि २५०० तासांवर, आधारलेली आहेत. तास म्हणजे गुणवत्तेची खात्री नव्हे, पण विचारपूस करायला ती एक सुरुवात आहे.

पुस्तक कसे वाचावे? मॅनेजरांनी ऐकणे आणि प्रश्न यांवरची प्रकरणे आधी वाचावीत आणि एका वेळी एकच साधन, एकाच माणसाबरोबर, महिनाभर वापरून पाहावे. एचआरच्या लोकांनी रचनेचे प्रकरण आणि फीडबॅकचे प्रकरण एकत्र वाचावे, आणि आपल्या कंपनीत विकासाची मुलाखत आणि पगारवाढीची मुलाखत किती अंतराने होते ते तपासावे. व्यवसाय म्हणून कोचिंग करणाऱ्यांनी मर्यादांचे प्रकरण वगळू नये. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सरावाचे प्रसंग आहेत; ते नुसते वाचून पुढे गेलात तर पुस्तकाचा निम्मा उपयोग वाया जाईल.

यश कशाने मोजायचे, हा प्रश्न प्रत्येक कंपनी विचारते आणि उत्तरादाखल समाधानाचे तक्ते भरून घेते. त्यापेक्षा सोपे मोजमाप आहे. कोचिंग सुरू होण्याआधी कोणते निर्णय साहेबांकडे येत होते त्याची यादी करून ठेवावी. सहा महिन्यांनी ती पुन्हा काढावी. त्यातले किती निर्णय आता खालीच होतात, आणि चुकले तर ते घेणारा माणूस ‘हे माझं चुकलं, मी असं बदलतोय’ असे कोणी न विचारता सांगतो का, हे पाहावे. यादी तेवढीच राहिली असेल तर सत्रे कितीही रंगलेली असोत, काम झालेले नाही. ती आखूड झाली असेल तर कोचने आपले बिल पाठवून पुढच्या कामाला लागावे.